हिमोग्लोबिन ५-६ चा रुग्ण : नव्या सिस्टरला पहिल्या दिवशी काय शिकवायचं?

गोदाकाठ_सिस्टर

नाशिक जिल्ह्यात नव्याने रुजू होणाऱ्या जीएनएम-एएनएम (परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या) मुलींसाठी एक पान तयार करायचं आहे. विषय रक्तक्षय, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं. पुस्तकात 'विश्रांती द्या, लोहयुक्त आहार द्या, औषधे वेळेवर द्या' अशा ओळी असतात. त्या चुकीच्या नाहीत. पण ५.८ हिमोग्लोबिनची बाई दुपारी तीन वाजता खाटेवर आली, तर त्या ओळींवरून सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक आधी सांगते. बोटाला यंत्र लावलं, एसपीओटू ९८ आलं, केसपेपरवर 'श्वसन नॉर्मल' लिहून झालं. तीच बाई संडासापर्यंत गेली की दाराला धरून उभी राहते. यंत्र बरोबरच सांगत असतं: अंगात जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातलं शेकडा ९८ ऑक्सिजनने भरलेलं आहे. पण हिमोग्लोबिनच निम्मं असेल तर रक्तातून जाणारा ऑक्सिजनही निम्माच. ओठ निळे पडतील म्हणून वाट पाहण्यातही अर्थ नाही. निळेपणा डोळ्यांना दिसायला साधारण ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असावं लागतं, आणि हिच्याकडे एकूणच तेवढं आहे.

म्हणून माझ्या मते पानावरची पहिली ओळ अशी हवी: आकडा वाचा, पण नाडी आणि श्वास रुग्ण हलल्यावर मोजा. तुम्ही पुढे काय घालाल?

वॉर्ड_नंबर_सात

पहिली ओळ पटली. त्यात भर घालतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण एका श्वासाची चूक चार होते. नाडी आडवं असताना, मग दहा-बारा पावलं चालवून, मग दोन मिनिटं बसवून. बसल्यावरही ती खाली येत नसेल तर त्या रुग्णाला त्या दिवशी कमोडची खुर्ची खाटेशेजारीच. बीपी आडवं आणि उभं, दोन्ही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर 'आधाराशिवाय उठवू नये' असं मोठ्या अक्षरात लिहायचं आणि मावशींनाही तोंडी सांगायचं. रक्तक्षयाचे रुग्ण पडतात ते बहुतेक पहाटे, लघवीला उठताना.

फिकेपणा कुठे पाहायचा हेही शिकवावं लागतं. खालची पापणी ओढून तिच्या पुढच्या काठाचा रंग, जीभ, तळहाताच्या रेषा, नखं. सावळ्या त्वचेवर चेहऱ्याकडे पाहून काहीच कळत नाही. पापणी ट्यूबलाइटखाली पाहू नका, खिडकीजवळ न्या. नखं चमच्यासारखी खोलगट म्हणजे लोह फार दिवसांपासून कमी. जीभ लाल, गुळगुळीत, तिखट झोंबणारी असेल आणि पायाला मुंग्या असतील तर ब१२ चा विचार.

विश्रांती म्हणजे नुसतं पडून राहणं नाही. कामं एकत्र आणि मध्ये मोकळा वेळ. आंघोळ, वेणी, एक्स-रे आणि रक्त काढणं असं सगळं सकाळी आठ ते नऊमध्ये कोंबलं की दुपारी रुग्ण जेवायलाही उठत नाही. डोकं ३० ते ४५ अंश वर. पाय गार पडतात म्हणून नातेवाईक गरम पाण्याची पिशवी लावतात, ती काढून घ्या. संवेदना कमी असतील तर भाजलेलं कळत नाही. मोजे आणि घोंगडी पुरे.

सिडकोकर

घरी आजी आहेत, हिमोग्लोबिन ७.२, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. बीट-डाळिंबाचा रस रोज चालू आहे. अजून काय वाढवू?

आहार_आणि_आपण

@सिडकोकर, बिटाचा रंग रक्तासारखा आहे, एवढ्यावरच त्याची कीर्ती. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असतं, आणि आपल्या ताज्या द्राक्षांत त्याहून कमी. खायला हरकत नाही, पण ७.२ चं ११ त्याने होणार नाही. लोहाच्या एका गोळीत शरीराला उपयोगी असं ६० मिग्रॅ शुद्ध लोह असतं. आहार त्या गोळीची जागा घेऊ शकत नाही, तिचं काम टिकवून धरतो.

आजींसाठी करण्यासारखं: बाजरीची भाकरी, मोड आणलेली मटकी किंवा हरभरा, शेवग्याचा पाला, चवळीची भाजी, तीळ, भिजवलेले बेदाणे, आठवड्यातून दोनदा अळिवाची खीर किंवा लाडू. मांसाहार चालत असेल तर कलेजी, मटण, मासे. त्यातलं लोह सर्वांत सहज शोषलं जातं. गरोदर बाईला मात्र कलेजी सांगू नका, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. वरून लिंबू, आवळा, पेरू यांपैकी काहीतरी त्याच जेवणात हवं, दोन तासांनी नव्हे. मोड आणल्याने आणि आंबवल्याने धान्यातलं फायटेट (लोहाला बांधून ठेवणारं द्रव्य) कमी होतं आणि लोह सुटं होतं. लोखंडी कढईत आमसूल किंवा टोमॅटो घातलेली भाजी केली की थोडं लोह त्यात उतरतं. शिजली की लगेच काढून घ्या, नाहीतर चव आणि रंग दोन्ही बिघडतात.

आणि चहा. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास नको. सगळ्या उपायांत हा एक उपाय फुकट आहे आणि सर्वांत कठीणही.

मखमलाबाद

म्हणजे मिसळ बरोबर आहे, मटकी आहे, लिंबू आहे. फक्त मिसळीनंतरचा चहा तेवढा तासभर पुढे ढकला. नाशिकमध्ये हे सांगणाऱ्याला सत्कार मिळायला हवा.

पेठ_सुरगाणा

आहारावर एक दुरुस्ती. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, हरसूलच्या बाजूला बाजरीपेक्षा नागली आणि भात जास्त. नागली चांगली, पण तिची खरी ताकद कॅल्शियमची. 'नागली खा, रक्त वाढेल' एवढंच सांगून उठू नका. तिच्याबरोबर उडदाचं भुजं, कुळीथ, रानभाज्या, आंबाडी असा जोड सांगा. तिथे जे चुलीवर शिजतं तेच सांगितलं तर केलं जातं. खजूर आणि डाळिंबाची यादी दिली तर बाई मान डोलावते आणि निघून जाते.

दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं. या पट्ट्यात रक्तक्षय म्हटलं की सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) आहे का हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. आधी विद्राव्यता चाचणी, ती होकारार्थी आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या). नुसत्या विद्राव्यता चाचणीवरून वाहक (एकच सदोष जनुक असलेला, स्वतः आजारी नसलेला) की रुग्ण हे कळत नाही, म्हणून त्या एका चाचणीवर कुणालाही 'सिकल पेशंट' म्हणून मोकळं व्हायचं नाही. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, तेव्हापासून तपासणी वाढली आहे. पण कार्ड घरी राहतं आणि रुग्ण दवाखान्यात येतो. कार्डाचा फोटो घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ठेवायला सांगा.

गोदाकाठ_सिस्टर

@पेठ_सुरगाणा, सिकलच्या रुग्णाला लोहाची गोळी द्यायची की नाही, यावर मुलींचा फार गोंधळ होतो. तेवढं सविस्तर लिहाल का?

पेठ_सुरगाणा

लिहिते. सिकलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात आणि त्यांतलं लोह शरीरातच राहतं. वारंवार रक्त चढवलेलं असेल तर वरून आणखी लोह जमा होतं. म्हणून सिकल *रुग्णाला* हिमोग्लोबिन कमी आहे एवढ्यावर लोह नाही. फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) पाहून, कमतरता सिद्ध झाली तरच. फॉलिक ॲसिड मात्र चालू, कारण नव्या पेशी सतत बनत असतात. *वाहकाची* गोष्ट वेगळी. त्याला इतरांसारखाच लोहाचा रक्तक्षय होऊ शकतो आणि त्याला गोळी द्यायची. 'सिकल' हा एकच शब्द दोघांनाही वापरला जातो, गोंधळाचं मूळ तिथे आहे.

वेदनेचा झटका घेऊन आलेल्या मुलाची शुश्रूषा: वेदना ० ते १० मध्ये विचारून लिहा, औषध दिल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. 'रडत नाही म्हणजे दुखत नाही' असं धरू नका. ही मुलं दुखणं सोसायला शिकलेली असतात. पाणी भरपूर, अंग उबदार, दुखऱ्या भागाला थंड शेक कधीच नाही. ताप, छातीत दुखणं, श्वास वाढणं, एसपीओटू ९५ च्या खाली, पोटात डावीकडे प्लीहा अचानक वाढणं, हातपाय लुळा पडणं किंवा बोबडं बोलणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच क्षणी डॉक्टरांना. हायड्रॉक्सियुरिया (सिकलचं औषध) चालू असेल तर सीबीसीची (रक्तपेशींच्या मोजणीची) तारीख चुकवायची नाही. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येऊ शकतात.

रक्तपेढी_खिडकी

इथे एक गोष्ट सुटते आहे, आणि ती वेळेवर कळली नाही तर परत मिळत नाही. रक्त चढवण्या*आधी* तपासणीचे नमुने काढून ठेवा: सीबीसी, स्मिअर (काचपट्टीवर पेशी पाहणं), रेटिक (नव्या लाल पेशींची मोजणी), फेरिटिन, ब१२, आणि शंका असेल तर एचपीएलसी. एकदा दात्याच्या पेशी अंगात मिसळल्या की पुढचे तीन महिने एचपीएलसीच्या निकालावर भरवसा ठेवता येत नाही. गरज फक्त दोन जांभळ्या झाकणाच्या आणि एका साध्या नळीची असते.

नमुन्याच्या नळीवर नाव खाटेपाशीच लिहायचं, रुग्णाला विचारून. 'तुमचं नाव शांताबाईच ना?' असं नाही. 'तुमचं पूर्ण नाव काय?' असं. गुंगीत असलेला रुग्ण कुठल्याही नावाला हो म्हणतो. रिकाम्या नळ्यांवर आधी लेबलं चिकटवून मग वॉर्डात फिरणं ही सर्वांत धोकादायक सवय. चुकीच्या गटाचं रक्त जातं ते बहुधा प्रयोगशाळेत चूक झाली म्हणून नव्हे, नळी आणि माणूस यांची अदलाबदल झाली म्हणून.

वॉर्ड_नंबर_सात

रक्ताचा विषय निघालाच आहे तर पिशवी हातात आल्यापासूनचं सांगतो.

पिशवी वॉर्डात आली की ३० मिनिटांत सुरू करायची, आणि रक्तपेढीतून निघाल्यापासून ४ तासांत संपवायची. म्हणून आधी व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची सुई-नळी) टाका, बीपी-ताप-नाडी-श्वास लिहा, संमतीपत्र पाहा, मगच पिशवी मागवा. वॉर्डातल्या साध्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही, नळाच्या गरम पाण्याखाली धरायची नाही. व्हेनफ्लॉन गुलाबी किंवा हिरवा, म्हणजे २० किंवा १८ नंबर. शिरा अगदी बारीक असतील तर २२ निळ्यातूनही जातं, फक्त हळू. सेट रक्ताचाच, जाळीचा. बरोबर फक्त नॉर्मल सलाईन. डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात, रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमने गुठळी होते. पिशवीत किंवा त्या नळीत दुसरं कुठलंही इंजेक्शन नाही.

दोघींनी मिळून खाटेपाशी तपासणी: नाव, आयपीडी नंबर, रुग्णाचा गट, पिशवीचा गट, पिशवीचा नंबर, मुदत, क्रॉसमॅचचा (रक्त जुळवून पाहिल्याचा) कागद. एकीने वाचायचं, दुसरीने ताडायचं. दोघींनी एकदम वाचलं की कुणीच वाचलेलं नसतं.

पहिली १५ मिनिटं सिस्टर खाटेजवळच. वेग कमी, मिनिटाला एक-दोन मिली. गंभीर प्रतिक्रिया बऱ्याचदा पहिल्या थोड्याच मिलीत दिसते. १५ मिनिटांनी पुन्हा सगळी नोंद, मग दर तासाला, संपल्यावर एकदा. ताप आधीपेक्षा १ अंश सेल्सियसने वाढला, थंडी, कंबर किंवा छाती दुखणं, अंगावर गांधी, लघवी लाल, 'मला काहीतरी होतंय' अशी घाबरी भावना: पहिलं काम चिमटा बंद. मग नवीन सेटने सलाईन लावून शीर चालू ठेवा, डॉक्टरांना बोलवा, नावं-नंबर पुन्हा ताडा, उरलेली पिशवी सेटसकट रक्तपेढीला, सोबत रुग्णाच्या रक्ताचे नवीन नमुने आणि पहिली लघवी. पिशवी कचऱ्यात गेली तर कारण शोधता येत नाही.

लेबररूम

@वॉर्ड_नंबर_सात यांचं सगळं बरोबर, पण ५ च्या खालच्या रुग्णाला चार तासांची पिशवीसुद्धा जड जाऊ शकते. फार दिवसांच्या रक्तक्षयात रक्ताचं आकारमान भरून निघालेलं असतं, हृदय आधीच जोरात पळत असतं. त्यात भराभर ३०० मिली गेलं की फुप्फुसात पाणी. तिथे वेग ताशी किलोमागे १ मिलीच्या आसपास धरतात. आता ४० किलोची बाई घ्या: ताशी ४० मिली, चार तासांत १६०. पिशवी संपतच नाही! म्हणून रक्तपेढीला आधीच सांगून एका पिशवीचे दोन भाग करून घ्यायचे, आज एक आणि उद्या एक. लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच आणि लिहिलं असेल तेव्हाच. सवयीने नाही.

चढवताना खोकला सुरू होणं, आडवं होता न येणं, मानेच्या शिरा फुगणं, पाठीला तळाशी खरखर: ही फुप्फुसात पाणी होण्याची पहिली लक्षणं. ताप नसतो, म्हणून दुर्लक्ष होतं.

रक्तपेढी_खिडकी

@लेबररूम, हो, तिप्पट किंवा चौपट पिशव्यांच्या जोडातून निर्जंतुक पद्धतीने भाग करता येतात. पण मागणीपत्रावर तसं लिहा आणि फोनही करा. पिशवी एकदा उघडून वॉर्डात गेली की मग काही करता येत नाही.

नातेवाईकांसाठीही एक वाक्य ठेवा: एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅम वाढतं. '५ चं १२ करून द्या' म्हणजे सात पिशव्या, सात जणांचं रक्त आणि सात वेळा धोका. धाप थांबेल इतकं रक्त द्यायचं, पुढचं काम लोहाचं.

सिडकोकर

आजींच्या गोळ्यांबद्दल विचारायचं राहिलं. उपाशीपोटी घेतली की मळमळ, जेवून घेतली तर उपयोग नाही म्हणतात. आणि शी काळी होते, ते ठीक आहे का?

आहार_आणि_आपण

उपाशीपोटी सर्वांत चांगली शोषली जाते, हे खरं. पण उलटी करून टाकलेल्या गोळीपेक्षा जेवणानंतर पोटात राहिलेली गोळी बरी. आधी रात्री झोपताना घेऊन पाहा, तरी त्रास झाला तर जेवणानंतर तासाभराने. लिंबूपाण्याबरोबर. दूध, चहा, कॅल्शियमची गोळी, आम्लपित्ताचं औषध यांपासून किमान दोन तास लांब. आजींना थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यापासून चार तास. बद्धकोष्ठ होईल असं आधीच सांगा, म्हणजे त्यापायी गोळी बंद होत नाही. पाणी, पालेभाजी, इसबगोल.

काळी शी दोन प्रकारची. लोहाची शी हिरवट-काळी आणि घट्ट असते. डांबरासारखी चिकट, चकचकीत, फार उग्र वासाची असेल तर ते पोटातलं रक्त. आजी गुडघेदुखीसाठी गोळ्या घेत असतील, हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर हा प्रश्न रोज विचारा. म्हाताऱ्या माणसात लोह का कमी झालं, याचं उत्तर पुष्कळदा आतड्यात असतं. नुसत्या गोळ्या देत राहिलं तर ते लपून राहतं.

मखमलाबाद

आजकाल एक दिवसाआड गोळी सांगतात, ते कुठून आलं? शासनाचा कार्यक्रम तर रोज म्हणतो.

डायलिसिस_कक्ष

लोहाचा डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते साधारण २४ तास आतड्याचं दार अडवून धरतं. लगेच दिलेल्या पुढच्या डोसचं शोषण त्यामुळे कमी होतं. लोह कमी असलेल्या, पण फारसा रक्तक्षय नसलेल्या तरुण स्त्रियांच्या अभ्यासांतून दिवसाआडची पद्धत पुढे आली. मळमळही कमी होते.

लेबररूम

पण म्हणून गरोदर बाईला आपल्या मनाने दिवसाआड सांगायचं नाही, इथे माझा ठाम विरोध आहे. तिच्याकडे वेळ मोजका असतो. ॲनिमिया मुक्त भारतमध्ये दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक लाल गोळी, ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर रोज दोन. एका महिन्यात १ ग्रॅमही वाढलं नाही तर वरच्या केंद्रात पाठवणं. 'वाढलं नाही' म्हणजे गोळी घेतली नाही, की घेऊनही शोषली नाही, की रक्त जातंय, की मुळात थॅलेसेमिया-सिकल आहे? रिकामी पाकिटं मागा, मोजा. रागवायचं नाही. रागावलं की पुढच्या वेळी रिकामी पाकिटं येतात आणि गोळ्या घरी डब्यात राहतात.

पेठ_सुरगाणा

@लेबररूम, शेवटचं वाक्य अगदी खरं. त्यात आमच्या भागाची भर: द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला जातात. गोळ्या गावातल्या आशाताईंकडे आणि बाई बागेत. जाण्याआधीच दोन महिन्यांच्या गोळ्या आणि माता-बाल कार्ड सोबत द्या, कोणत्या गावात जाणार ते लिहून घ्या, तिथल्या उपकेंद्राला कळवा. आणि जंताची गोळी: अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ, गरोदरपणात पहिली तिमाही सोडून. अनवाणी शेतात काम करणाऱ्यांच्या पोटात हुकवर्म रोज थोडं थोडं रक्त पीत राहतो.

गोदाकाठ_सिस्टर

सलाईनमधून लोह देण्याबद्दल कुणी लिहाल का? ग्रामीण रुग्णालयांत आता ते बरंच चालतं.

डायलिसिस_कक्ष

लिहितो, तिथे चुका होतात.

किती लोह द्यायचं: वजन × (हवं असलेलं हिमोग्लोबिन − आत्ताचं) × २.४ + ५०० मिग्रॅ साठ्यासाठी. ५० किलो, ७ वरून ११: ५० × ४ × २.४ = ४८०, अधिक ५००, म्हणजे ९८०. वजन विचारून लिहायचं नाही, काट्यावर करायचं. गरोदर असेल तर नोंदणीच्या वेळचं वजन कार्डावरून घ्या. पहिल्या तिमाहीत शिरेतून लोह नाही.

आयर्न सुक्रोज असेल तर एका वेळी २०० मिग्रॅ, १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, साधारण अर्ध्या तासात, दिवसाआड, आठवड्यात ६०० च्या वर नाही. म्हणजे ९८० साठी पाच खेपा. सुरगाण्याहून पाच खेपा कोण करणार? तिथे फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज सोयीचं: १००० मिग्रॅपर्यंत एका बैठकीत, किमान १५ मिनिटांत, १०० ते २५० मिली सलाईनमध्ये. पण किलोमागे २० मिग्रॅची मर्यादा आहे. ३८ किलोच्या बाईला एका वेळी ७६० च्या वर जात नाही, उरलेलं आठवड्याने. दोन्ही औषधं डेक्स्ट्रोजमध्ये नाहीत.

शीर नवीन घ्या. रात्रीचा, सुजलेला, मनगटाच्या सांध्यावरचा व्हेनफ्लॉन नको. आधी १० मिली सलाईन ढकलून पाहा. औषध शिरेबाहेर गेलं तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन् महिने, कधी कायमचा राहतो. 'जळजळ झाली तर लगेच सांगा' हे आधी सांगायचं आणि जळजळ म्हटली की त्या क्षणी बंद.

सुरू होताच चेहरा लाल, छाती आवळल्यासारखी, पण बीपी ठीक, गांधी नाही, घरघर नाही: बंद करा, पाहा. बहुधा काही मिनिटांत आपोआप ओसरतं, मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळू वेगाने पुन्हा. अशा वेळी घाईने ॲव्हिल-फेनर्गन (ॲलर्जीची इंजेक्शनं) देऊन बीपी पाडू नका. पण गांधी, घरघर, बीपी खाली, ओठ-जीभ सुजणं दिसलं तर ॲड्रेनॅलिन ०.५ मिली, १ मिलीत १ मिग्रॅवालं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ते भरून घ्यायची सिरिंज आणि अँप्यूल आधीपासून ट्रेमध्ये हवी, कपाटात कुलपाआड नको. संपल्यावर अर्धा तास नजरेसमोर. गरोदर असेल तर आधी आणि नंतर बाळाचे ठोके. तोंडाच्या लोहाच्या गोळ्या या काळात बंद, शेवटच्या डोसनंतर किमान पाच दिवसांनी गरज असेल तर पुन्हा.

मखमलाबाद

आणि मूत्रपिंडाचे रुग्ण? त्यांना गोळ्यांनी फरक पडत नाही म्हणतात.

डायलिसिस_कक्ष

त्यांच्यात एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला लावणारं संप्रेरक) हेच कमी बनतं, ते इंजेक्शनने द्यावं लागतं. २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही, हलवून फेस आणायचा नाही. देण्याआधी बीपी. बीपी फार वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हिमोग्लोबिन १३ च्या वर न्यायचं नाही, पक्षाघाताचा धोका वाढतो.

लेबररूम

प्रसूतीबद्दल थोडं, कारण रक्तक्षयाने बाई दगावते ती बहुधा याच तासांत. ६ हिमोग्लोबिनच्या बाईला इतरांसारखा ५०० मिलीचा रक्तस्राव परवडत नाही. कळा सुरू होण्याआधीच गट-क्रॉसमॅच, रक्त हाताशी. टेकून बसती स्थिती, ऑक्सिजन, सलाईन मोजून. बाळ बाहेर येताच एका मिनिटात ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. मेथर्जिन (गर्भाशय आवळणारं दुसरं औषध) नाही: शिरा आवळून एकदम रक्त हृदयाकडे ढकललं जातं. पॅड आधी कोरडं तोलून ठेवा, नंतर ओलं तोला, वाढलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे एक मिली. 'थोडं गेलं' अशी नोंद उपयोगाची नाही. प्रसूतीनंतरचे पहिले २४ तास जास्तच जपायचे, कारण गर्भाशयातलं रक्त परत फिरून हृदयावर भार येतो.

पेठ_सुरगाणा

हिमोग्लोबिन मोजण्यातली चूक कुणीच लिहिली नाही. बोट दाबून दाबून काढलेल्या थेंबात पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. हात कोमट करा, मधल्या किंवा अनामिकेच्या कडेला टोचा, स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. पट्ट्यांच्या डबीचं झाकण पावसाळ्यात उघडं राहिलं की पट्टी ओलसर होते. मुदत आणि डबीवरचा कोड पाहा. साहलीने (आम्लात रक्ताचा रंग जुळवून मोजायची पद्धत) करत असाल तर २० मायक्रोलिटर रक्त, आम्लात १० मिनिटं पूर्ण थांबणं, उजेडात वाचणं.

सिडकोकर

आजींचं ब१२ १३० आलं. आता?

वॉर्ड_नंबर_सात

@सिडकोकर, ते कमी आहे. डॉक्टर इंजेक्शनांचा क्रम लिहून देतील, तो मधेच सोडू नका. पायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसरणं आहे का ते आत्ताच लिहून ठेवा, कारण नसांचं नुकसान उशिरा भरतं. फक्त फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. रक्ताचा आकडा सुधारतो आणि नसा बिघडत जातात. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताची रोजची पँटोप्राझोल चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बाथरूममध्ये रात्रभर दिवा आणि धरायला दांडी, हे आजच करा.

गोदाकाठ_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. म्हणजे हे पान प्रत्येक वॉर्डात लागणार. पहिल्या दिवसापुरतं एवढं घेते: हालचालीनंतरची नाडी-श्वास, आडवं-उभं बीपी, सिकलचा प्रश्न, रक्ताआधीचे नमुने, खाटेपाशी लेबल, पिशवीची पहिली १५ मिनिटं. आहार आणि गोळ्या घरी सोडतानाच्या पानावर.

थेंबांचं गणित मुलींना लागतं. २८० मिली चार तासांत म्हणजे ताशी ७०, मिनिटाला १८ थेंब. बरोबर ना?

रक्तपेढी_खिडकी

१८ आलं म्हणजे तुम्ही १५ थेंबांचा सेट धरलात. २० थेंबांचा असेल तर ७० × २० ÷ ६० = २३. सेटच्या पाकिटावर एका मिलीचे थेंब छापलेले असतात. पानावर आकडा न देता सूत्र द्या, आणि 'पाकीट पाहा' हे लाल शाईत.

लेबररूम

आणि ५ च्या खाली असेल तर चार तासांचं गणितच करू नका, आधी अर्ध्या पिशवीसाठी फोन.

गोदाकाठ_सिस्टर

दोन्ही बदलले. रक्तपेढीचा फोन नंबर प्रत्येक वॉर्डाने आपला लिहायचा, म्हणून खाली रिकामी चौकट ठेवली आहे.